डाव्या कपाळामागचा ठिपका

डॉक्टरांनी माझ्या डोक्याची फिल्म उजेडाच्या काचेवर लावली, पेनाचं टोपण एका जागी टेकवलं आणि माझ्या मिस्टरांना म्हणाले, "हे बघा, इथे काहीतरी आहे."

माझ्या मिस्टरांना. मी शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. डोकं माझं, फिल्म माझी, त्यावरचं नाव माझं.

"काहीतरी म्हणजे काय?" मी विचारलं.

"मॅडम, तुम्ही जरा बाहेर बसता का? तुम्हाला उजेडाचा त्रास होतोय ना."

त्रास होत होता हे खरं. पण बाहेरच्या हॉलमध्ये आतल्यापेक्षा जास्त ट्यूबलाइट होत्या. मी डोळ्यांवर पदर धरून बाकावर बसले. आत बराच वेळ बोलणं चाललं होतं. विलास, म्हणजे माझे मिस्टर, बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा ओल्या चुन्यासारखा झाला होता. "काही नाही," ते म्हणाले. "जराशी सूज आहे. गोळ्या दिल्यात. चल."

त्या "काही नाही"ची मला आजही चीड येते. ज्यांच्या हातात असा रिपोर्ट पडला आहे, ज्यात ना धड हो आहे ना धड नाही, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. शांत मनाने लिहायला हवं, असं मला सांगण्यात आलं. ते मला जमलेलं नाही.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरीची. मी तेव्हा नाशिक रोडला मुलींच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होते. माझं माहेर बागलाणातलं नामपूर. लग्नाआधी मी जिल्ह्याच्या संघातून खो-खो खेळले होते आणि त्याच जोरावर मला नोकरी लागली होती. खो-खोच्या मैदानाच्या दोन टोकांना लाकडी खांब असतात. पळणाऱ्या खेळाडूला पकडताना एका हाताने खांबाचा आधार घेऊन दुसऱ्या बाजूला अंग झोकून द्यायचं, याला आम्ही खांबावरचा सूर म्हणतो. तो सूर तोंडी सांगून शिकवता येत नाही, करून दाखवावा लागतो.

जिल्हा स्पर्धा जवळ आली होती आणि मुली सूर मारताना घाबरत होत्या. मी त्यांना करून दाखवत होते. आधल्या दिवशी मैदानावर पाणी मारलेलं होतं. पाय घसरला आणि डाव्या बाजूचं कपाळ सरळ खांबावर आपटलं. त्यानंतरचं मला थेट रिक्षातलं आठवतं. दोन मुलींनी मला धरलं होतं आणि मी त्यांना पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, "शिट्टी कुठे आहे माझी?" मधला काही वेळ मी शुद्धीत नव्हते, असं मुलींनी नंतर सांगितलं.

जवळच्या दवाखान्यात टाके घातले. "मुका मार आहे, चार दिवस आराम करा," असं सांगून घरी पाठवलं.

याला कन्कशन म्हणतात, हे मला पुढे कळलं. कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. हाड मोडत नाही, बऱ्याचदा रक्तही साकळत नाही, पण आतलं सगळं विस्कटतं. माझ्या बाबतीत काय काय झालं ते सांगते. उजेड सहन होईना. कुकरची शिट्टी झाली की पोटात ढवळून यायचं. वाचायला घेतलं की ओळी एकमेकींवर चढायच्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शब्द सापडेनात. समोर झारा पडलेला असायचा आणि मी मुलीला म्हणायची, "ते दे गं, ते... तळायचं." रसिका तेव्हा चौथीत होती. ती बिचारी एकेक वस्तू उचलून दाखवायची.

उलट्या थांबेनात म्हणून विलासने मला गंगापूर रोडवरच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सीटी स्कॅन करायला सांगितलं. सीटी स्कॅन म्हणजे डोक्याचे आडवे काप पाडल्यासारखे एक्स-रेचे फोटो. त्या फोटोंत ते "काहीतरी" निघालं आणि मला बाहेर बसवलं गेलं.

त्या दिवसापासून घर बदललं. सासूबाई मला कधी वावगं बोलल्या नव्हत्या, पण भाजीत मीठ कमी पडलं तर सांगितल्याशिवाय राहायच्या नाहीत. आता त्या माझ्या ताटात तूप वाढायला लागल्या. विलास सकाळचा चहा करायला लागले. मालेगावची नणंद अचानक येऊन राहून गेली, जाताना माझ्या गालावरून हात फिरवून डोळे पुसत रिक्षात बसली. नामपूरहून आई आली. तिची बोली अहिराणी. दारातच तिने मला कवटाळलं. "काय व्हयनं वं माय तुले?" म्हणाली आणि रडायला लागली. सूज आलेल्या माणसासाठी इतकं कोण रडतं?

मी विचारायचे. प्रत्येक जण म्हणायचा, "काही नाही, तू आराम कर."

गोळ्यांमध्ये एक होती फेनिटॉइन. फिट येऊ नये म्हणून देतात. मला फिट कधीच आली नव्हती, पण येऊ शकते म्हणून दिली होती. ती सुरू झाल्यावर काही आठवड्यांत मी भिंतीला धरून चालायला लागले. पाय टाकायचे एकीकडे आणि पडायचा दुसरीकडे. एकाच्या दोन वस्तू दिसायच्या. विलासने डॉक्टरांना फोन करून सांगितलं. डॉक्टरांनी मला न बघता फोनवरच डोस वाढवला. मी आणखी झोकांड्या खायला लागले. घरातली माणसं एकमेकांकडे बघायची आणि मान खाली घालायची. त्यांना काय वाटत होतं ते मला ठाऊकच नव्हतं. मला एवढंच वाटत होतं की मी वेडी होते आहे.

खरं काय ते मला कोणी सांगितलं? आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी.

रजा वाढवण्यासाठी सही करायला मी शाळेत गेले होते. रसिकाचा हात धरून, हळूहळू. मैदानावर अहिरे सर माझ्या मुलींचा सराव घेत होते. ते गणिताचे शिक्षक, खो-खोचा आणि त्यांचा संबंध प्रेक्षक म्हणून. मी बाईंना म्हटलं, "स्पर्धेपर्यंत मी येते ना. खुर्चीवर बसून सांगीन."

बाई खूप मायेने म्हणाल्या, "सुनंदाबाई, अशा वेळी माणसाने घरच्यांबरोबर राहावं. शाळा काय, चालतच राहील. आणि मेंदूतल्या गाठीवर आता पुष्कळ उपचार निघालेत. माझ्या मावसभावाच्या ओळखीतले एक..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. "कुठली गाठ?" मी विचारलं.

बाईंचा हात तोंडावर गेला. "तुम्हाला... विलासराव म्हणाले होते..."

शिपायापासून शाळेतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मुलींना माहीत होतं, म्हणून त्या माझ्या जवळ येत नव्हत्या. मालेगावात माहीत होतं, नामपुरात माहीत होतं. माझ्या डोक्यात काय आहे ते माझं डोकं सोडून सगळ्यांना माहीत होतं.

मी घरी कशी आले ते आठवत नाही. विलास ऑफिसातून येईपर्यंत मी स्वयंपाकघरात उभी होते. ते आले तशी मी म्हटलं, "गाठ आहे ना?"

त्यांनी डबा ओट्यावर ठेवला. "कोणी सांगितलं?"

"ते महत्त्वाचं नाही. तुम्ही का नाही सांगितलंत?"

"डॉक्टर म्हणाले, पेशंटला सांगू नका. हाय खाईल. आणि नक्की काही नाही गं, त्यांनाही नक्की माहीत नाही. गाठ असू शकते, म्हणाले. असेलच असं नाही."

"मग असेल असं शाळेत कसं सांगितलंत?"

"रजेसाठी कारण द्यायला हवं होतं."

"अहो, कारण तिकडे द्यायला हवं होतं आणि मला नको होतं? मी हाय खाईन म्हणता? मी तर काहीच खाल्लं नाही. हाय तुम्ही खाल्लीत, तुमच्या आईने खाल्ली, माझ्या आईला खायला लावलीत! मी एकटी सोडून सगळं घर हाय खाऊन बसलंय!"

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "हळू बोल गं, डोक्याला त्रास होईल."

"होऊ दे!" मी ओरडले. "माझं आहे ते!"

त्या वेळी एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही, ती रसिकाच्या आली. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "आई, काल तुला सगळे शब्द सापडत होते."

विलास वाईट माणूस नाही, हे इथे लिहायला हवं. त्या रात्री ते रडले. ती फिल्म पिशवीत घालून ते गावोगावच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे फिरले होते, आणि प्रत्येकाने मान हलवून वेगळं काहीतरी सांगितलं होतं. ते ओझं त्यांनी एकट्याने वाहिलं. पण माझ्यासाठी वाहिलं असं ते म्हणतात, तेव्हा मला अजूनही पटत नाही. मी मागितलं नव्हतं.

मी एकटीच गंगापूर रोडच्या डॉक्टरांकडे गेले. रिक्षावाल्याने हात धरून पायऱ्या चढवल्या. डॉक्टर म्हणाले, "मिस्टर नाही आले? त्यांना घेऊन या, मग बोलू."

"मी आज त्यांच्याशिवायच आलेय. मला सांगा."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. मग रिपोर्ट वाचून दाखवला. डाव्या बाजूला पुढच्या भागात, फ्रंटल लोब म्हणतात तिथे, एक लहानसा फिकट ठिपका. त्याच्यापुढे तीन प्रश्नचिन्हं. एक, काँट्यूजन, म्हणजे आपटल्यामुळे झालेली ताजी जखम. दोन, ओल्ड लीजन, म्हणजे कधीकाळचा जुना व्रण. तीन, स्पेस ऑक्युपायिंग लीजन. याचा शब्दशः अर्थ जागा अडवून बसलेलं काहीतरी. म्हणजे गाठ. आणि सगळ्यात खाली, क्लिनिकल कोरिलेशन करावे.

"यातलं कुठलं?" मी विचारलं.

"तुमचा तोल जातोय, दोन-दोन दिसतंय, म्हणजे तिसऱ्याची शक्यता वाढली. माझ्या मते बायोप्सी करून टाकावी. कवटीला छोटंसं छिद्र पाडून तुकडा काढायचा आणि तपासायचा."

"त्यात धोका काय?"

"जागा बोलण्याच्या केंद्राजवळ आहे. थोडा धोका असतोच."

"थोडा म्हणजे? मला बोलता येणार नाही?"

"तुम्ही आता घाबरायचं नाही," ते म्हणाले आणि घंटी वाजवली. पुढचा पेशंट आत आला.

वाचणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. घंटी वाजली तरी उठू नका. मी उठले होते. ते मला आजही लागतं.

पण पायऱ्या उतरताना राग असा भडकला की मी घरी न जाता जिथे सीटी काढला होता तिथे गेले. काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, "रिपोर्ट ज्यांनी लिहिला त्यांना भेटायचंय."

"सर पेशंटला भेटत नाहीत. तुमच्या डॉक्टरांना विचारा."

"त्यांनीच पाठवलंय," मी धडधडीत खोटं बोलले आणि बाकावर बसून राहिले. दुपार टळली. शेवटी एक मध्यमवयीन गृहस्थ डबा खाऊन बाहेर आले, बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं, आणि ते चक्क माझ्यापुढे येऊन उभे राहिले. ते रेडिओलॉजिस्ट होते, म्हणजे फोटो वाचणारे डॉक्टर.

ते मला अंधाऱ्या खोलीत घेऊन गेले. त्या अंधाराने डोळ्यांना किती बरं वाटलं! त्यांनी फिल्म लावली आणि टोपण माझ्यासाठी टेकवलं. पहिल्यांदाच मी तो ठिपका नीट पाहिला. तांदळाच्या दाण्याएवढा.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आठवडेच्या आठवडे इतक्या लोकांनी मला "काही नाही" सांगितलं होतं. "माहीत नाही" असं कोणी म्हटलं नव्हतं.

"खरंच नाही कळत," ते म्हणाले. "सीटीत यापेक्षा जास्त दिसत नाही. मी तीन शक्यता लिहिल्या. पहिल्या दोन जास्त संभवतात, तिसरी नाकारता येत नाही म्हणून लिहिली. आमच्याकडे जे नाकारता येत नाही ते लिहावं लागतं."

"आणि क्लिनिकल कोरिलेशन?"

"म्हणजे नुसत्या फोटोवर जाऊ नका, पेशंटला तपासून ठरवा. तपासलं का तुम्हाला कोणी? चालायला लावून, डोळे बघून?"

पहिल्या दिवशी टॉर्च मारला होता. त्यानंतर सगळे फिल्मच बघत होते.

त्यांनी पुण्याच्या एका न्यूरॉलॉजिस्ट बाईंचं नाव लिहून दिलं. एमआरआयसुद्धा करून घ्या म्हणाले. एमआरआय म्हणजे चुंबकाच्या साहाय्याने काढलेला जास्त बारकाईचा फोटो. तेव्हा आम्हाला त्यासाठी पुणंच गाठावं लागत होतं.

नाशिक ते पुणे एसटीचा तो प्रवास मी शत्रूलाही सांगणार नाही. प्रत्येक गतिरोधकाला डोक्यात घण पडत होता. विलास शेजारी उशी धरून बसले होते. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. नारायणगावला त्यांनी विचारलं, "चहा घेशील?" मी म्हटलं, "डॉक्टरांना विचारा, पेशंटला चालतो का." त्यांनी चहा आणला आणि मी तो प्याले.

एमआरआयचं यंत्र म्हणजे एक बोगदा. आत आडवं घालतात आणि कानाशी पत्र्याच्या डब्यावर हातोडे मारल्यासारखा आवाज सुरू होतो. ज्या बाईला कुकरची शिट्टी सोसत नव्हती तिला त्यात न हलता पडून राहायचं होतं. मी मनातल्या मनात मुलींच्या बैठकीचा क्रम लावत राहिले, कुठे कोणाला बसवायचं, कोण कोणाला खो देईल. कोणाला बंद जागेची भीती वाटत असेल तर आधी सांगा, तंत्रज्ञ हातात एक बटण देतात, ते दाबलं की बाहेर काढतात. मला हे माझा एमआरआय संपल्यावर कळलं.

आणि रिपोर्ट काय आला? ठिपका जुन्या व्रणासारखा दिसतो, पण मंद वाढीची गाठ पूर्णपणे नाकारता येत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे.

वेटिंग रूममध्ये मी तो कागद चुरगाळून फेकला. लोक बघायला लागले. "नाकारता येत नाही! नाकारता येत नाही!" मी ओरडत होते. "अरे, मग तुमची एवढाली यंत्रं काय जाळायची आहेत?" विलासने वाकून कागद उचलला आणि मांडीवर ठेवून हाताने सारखा केला.

न्यूरॉलॉजिस्ट बाई साठीच्या, बुटक्या, पांढऱ्या केसांच्या. माझं ओरडणं त्यांनी आत ऐकलं असणार. मी बसल्याबरोबर म्हणाल्या, "रागावलात? बरोबर आहे. आता मला तुम्ही सांगा, पहिल्यापासून." त्यांनी फिल्म अजून पिशवीतून काढलीसुद्धा नव्हती. मी सांगत गेले. शब्द अडला की त्या थांबायच्या, पुरवायच्या नाहीत. मग मला एका सरळ रेषेत चालायला लावलं. मी तिसऱ्या पावलालाच कलंडले. नाकाला बोट लावायला सांगितलं, डोळ्यांसमोर बोट फिरवलं, गुडघ्यावर हातोडी मारली. मग गोळ्यांची पाकिटं मागितली.

"फेनिटॉइनचा डोस कोणी वाढवला?"

"फोनवरून," विलास म्हणाले.

"रक्तातली पातळी तपासली होती?"

अशी काही तपासणी असते हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. बाईंनी तिथेच रक्त काढायला लावलं. संध्याकाळी त्यांनी आम्हाला पुन्हा बोलावलं. "तुमच्या रक्तात हे औषध प्रमाणाबाहेर साठलंय. तुमचा तोल त्यामुळे जातोय, दोन-दोन दिसतंय तेही त्यामुळेच. ठिपक्याचा याच्याशी काही संबंध नाही."

जी लक्षणं बघून गाठ असणार असं ठरलं होतं, ती गोळीने आणली होती. आणि त्या लक्षणांच्या भरवशावर माझ्या कवटीला छिद्र पाडायला निघाले होते.

मला हायसं वाटायला हवं होतं. मला फक्त राग आला.

बाईंनी गोळी हळूहळू कमी करत बंद करण्याचं वेळापत्रक लिहून दिलं. ही गोळी एकदम तोडली तर त्यानेच फिट येऊ शकते, म्हणून माझं वाचून कोणी स्वतःच्या मनाने बंद करू नका. मग मी विचारलं, "आणि ठिपका?"

"तो काय आहे हे मी आज सांगू शकत नाही. गाठ असेल तर तो वाढेल. व्रण असेल तर तसाच राहील. आपण वाट बघायची."

"वाट बघणं हा काय उपचार आहे?"

"तुमच्या बाबतीत सध्या सगळ्यात सुरक्षित उपचार तोच आहे. सगळ्यात अवघडही. डोकेदुखी, शब्द न सापडणं, उजेड, आवाज, हे सगळं त्या हादऱ्याचं आहे. ते जाईल. वेळ लागेल. माझा अंदाज चुकतोय असं दिसलं तर मी तुम्हाला सांगीन. तुम्हाला," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडेच बघत राहिल्या.

तीन महिने वाट बघणं काय असतं ते पुस्तकात लिहिलेलं नसतं. डोकं जरा ठणकलं की वाटायचं, वाढतोय. नाही ठणकलं तर वाटायचं, हे फसवं आहे. लोक म्हणायचे, "चांगला विचार करा, सकारात्मक राहा." मी सांगते, चांगला विचार करण्याची सक्ती हाही एक छळच आहे. ज्याचं बाहेरून काही दिसत नाही तो आजार म्हणजे नखरे, असंही काही जण बोलले. टाके सुकले होते, पायावर नीट उभी होते, मग घरी का बसते? आमच्या कॉलनीतल्या एक वहिनी रसिकासमोर मला म्हणाल्या, "आता दिसता तर चांगल्या!" मी म्हटलं, "वहिनी, आतून बघायचं असेल तर फिल्म देते घरी न्यायला." त्यानंतर त्या बरेच दिवस आल्या नाहीत.

आईला मी विचारलं, लहानपणी मी कधी डोक्यावर पडले होते का? तिने आनंदाने आठवून आठवून सांगितलं. चिंचेवरून, बैलगाडीतून, विहिरीच्या काठावर, आणि एकदा थोरल्या भावाने ढकललं म्हणून. ऐकून मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. माझं सगळं लहानपण डोक्यावर पडण्यातच गेलं होतं.

घरात मी एक नियम केला. डॉक्टरांचं जे बोलणं होईल ते माझ्यासमोर होईल. फोन आला तर मी घेणार. विलासला हे जड गेलं. ते म्हणाले, "मी तुला जपायला बघत होतो." मी म्हटलं, "जपा ना. कांदा चिरा, पोरीचा अभ्यास घ्या, मला रडू आलं तर जवळ बसा. पण मला काय झालंय ते माझ्यापासून लपवून जपू नका." त्यांनी नियम पाळला, हे मी मान्य करते.

गोळी सुटली तशी भिंत सुटली. मग उजेड सोसायला लागला. शब्द हळूहळू परतले, काही उशिरा आले. "झारा" परतला त्या दिवशी रसिकाने टाळ्या वाजवल्या. जिल्हा स्पर्धेत आमच्या मुली पहिल्याच फेरीत हरल्या. अहिरे सर स्वतः घरी येऊन म्हणाले, "बाई, मला माफ करा, मला त्यातलं काही कळत नाही." मी रागावले नाही. माझ्या रागाला त्यांच्यापेक्षा लायक माणसं पुष्कळ होती.

तीन महिन्यांनी पुन्हा तो बोगदा. ठिपका तेवढाच. सहा महिन्यांनी तेवढाच. पुढल्या वर्षी तेवढाच. दर वेळी निघायच्या आधी आठवडाभर मी कोणाशी धड बोलायची नाही आणि परतल्यावर एक दिवस नुसती झोपायची. रिपोर्टमध्ये दर वेळी तेच वाक्य असायचं, जुना व्रण असण्याची शक्यता जास्त. शक्यता. कोणीही शपथेवर सांगायला तयार नव्हतं.

मधल्या काळात मी गंगापूर रोडच्या डॉक्टरांना एकदा भेटून आले. भांडायला नाही, सांगायला. रक्ताचा रिपोर्ट त्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "पुढच्या पेशंटच्या वेळी हे तपासून घ्या." त्यांनी रिपोर्ट वाचला. "अशा केसेसमध्ये होतं कधी कधी," म्हणाले. मी वाट बघितली. आणखी काही आलं नाही. माफीचा शब्द त्यांच्या तोंडातही सापडत नव्हता, आणि त्यांचं डोकं तर कुठे आपटलेलं नव्हतं.

शेवटचा स्कॅन नवं शतक लागून काही वर्षं झाल्यावर केला, तोवर नाशकातही सोय झाली होती. पण दाखवायला मी पुण्याच्या बाईंकडेच गेले. त्या आता वाकल्या होत्या. त्यांनी सगळ्या फिल्म्स एका ओळीत लावल्या आणि मला जवळ बोलावलं. सगळीकडे तोच तांदळाचा दाणा.

"काय आहे ते मला अजूनही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "दरवर्षी बघत राहता येईल, किंवा आता थांबता येईल. काही नवीन त्रास झाला तर लगेच यायचं. दोन्ही बरोबर आहे. निर्णय तुमचा."

विलास म्हणाले, "बघत राहिलेलं..." आणि मध्येच थांबले. माझ्याकडे वळून बसले.

मी त्या फिल्म्स बघितल्या. त्या ठिपक्याने माझं एवढं आयुष्य खाल्लं होतं आणि स्वतः कणभरही वाढला नव्हता. मी म्हटलं, "थांबूया."

बाहेर पडल्यावर रस्त्यात विलासने विचारलं, "भीती नाही वाटत?"

"वाटते," मी म्हटलं. "रोज वाटते. पण ती आता माझी माझ्याजवळ आहे. कोणी मला बाहेर बसवून दुसऱ्याला दिलेली नाही."

राग गेला का, असं मला बरेच जण विचारतात. नाही गेला. तो नसता तर मी त्या बाकावर दुपारभर बसले नसते, आणि बोलायची जागा मी कदाचित एका अंदाजापायी गमावून बसले असते. आभार मला दोघांचेच मानायचे आहेत. डबा खाऊन बाहेर आलेल्या त्या डॉक्टरांचे आणि पुण्याच्या बाईंचे. त्यांनी मला बरं केलं असंही नाही, बरी मी माझी झाले. पण "माहीत नाही" हे त्यांनी माझ्या तोंडावर, माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. तुमच्या डॉक्टरांकडून तेवढं मागून घ्या. नाही दिलं तर तिथेच बसून राहा.

आज सकाळी आमच्या शाळेच्या मैदानावर नव्या तुकडीतली एक मुलगी खांबावरचा सूर मारायला तयार होईना. मी खांबाला जाड गादी गुंडाळायला लावली, माती कोरडी आहे का ते पायाने चाचपून बघितलं, आणि तिला म्हटलं, "भीती वाटतेय ना? वाटू दे. ये."